लादणें आणि लोड

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या कानांवरून आरंभींच जीं क्रियापदें जातात, त्यांपैकीं 'लोड' हें एक होय. शिक्षकांना त्याचा अर्थ विचारावा तर ते तत्काळ 'लादणें' असें सांगतील, आणि वर्गांत तेवढ्यावर भागतेंही. परंतु हाच अर्थ गांठीं बांधून मराठी लिहूं लागलें कीं पंचाईत होते. इंग्रज मनुष्य बैल 'लोड' करितो, गाडी 'लोड' करितो, तशीच बंदूक, तसाच छायाचित्राचा डबा आणि जुगारांतील फांसेसुद्धां. मराठींत बैल लादतात, पण गाडी भरतात; बंदूक पूर्वीं ठाशीत, हल्लीं भरतात; जहाजावर माल चढवितात; छायाचित्राच्या डब्यांत फीत घालतात; आणि फांसे मराठी जुगाऱ्यानें कसेही केले तरी तो ते लादीत मात्र नाहीं. एका इंग्रजी शब्दाला आपल्याकडे असे पांच-सहा कारभारी लागतात. त्यांत 'लादणें' हा वडील, आणि आजमितीस सर्वांत बदनाम. सुशिक्षितांच्या घरांत हा शब्द ऐकूं येतो तो बहुधा तक्रारीच्या सुरांत: कर लादला, अटी लादल्या, मुलीवर लग्न लादलें, एका प्रांतावर दुसऱ्याची भाषा लादली. बैल त्यांतून केव्हांच नाहींसा झाला आहे. हें असें कां झालें याचा शोध घेतां घेतां आम्हांला इंग्रजी कोशापासून निघून वाशीम जिल्ह्यांतील पोहरादेवीपर्यंत यावें लागलें. तीच वाट वाचकांपुढें ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम इंग्रजी शब्दाचें कुळ पाहूं. मौज अशी कीं, 'लोड' या शब्दाचा मूळ अर्थ ओझें असा नव्हताच. हजार वर्षांपूर्वींच्या इंग्रजींत त्याचें रूप 'लाड' असें होतें आणि अर्थ होता वाट, प्रवास, वाहतूक. वाट दाखवून पुढें नेणें या अर्थाचें 'लीड' हें क्रियापद त्याचेंच भावंड. खलाशांना दिशा दाखविणाऱ्या ध्रुवताऱ्यास इंग्रजींत 'लोडस्टार' आणि लोहचुंबकास 'लोडस्टोन' म्हणतात, त्यांत हा जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. तेथें ओझ्याचा कांहीं एक संबंध नाहीं. ओझें घालण्याचें क्रियापद वेगळेंच होतें. त्याचें जुनें रूप 'ह्लादन', आजचें 'लेड'. (संस्कृतज्ञ वाचकांनीं येथें 'ह्लाद' धातूची आठवण करूं नये; ओझ्यानें कोणास आल्हाद झाल्याचें ऐकिवांत नाहीं.) या दोन शब्दांचे उच्चार जवळचे, आणि वाटेनें न्यावयाचें तें बहुधा ओझेंच, तेव्हां अर्थ एकमेकांत मिसळण्यास वेळ लागला नाहीं. हळूहळू वाट मागें पडली, ओझें पुढें आलें, आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास त्या नामापासून आजचें क्रियापद निघालें. म्हणजे इंग्रजी 'लोड' हा वाटेवरून ओझ्याकडे चालत आलेला शब्द आहे. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिची गरज लागणार आहे.

मराठी 'लाद' आणि इंग्रजी 'लेड' यांचा आवाज इतका जुळतो कीं, हे दोघे एकाच आजोबांचे नातू असावे असें प्रथमदर्शनीं वाटतें. उत्साही व्युत्पत्तिकारांस हा मोह आवरणें कठीण. पण भाषांचे कायदे येथें आड येतात. जर्मानिक भाषांतील आरंभींचा 'ह' हा मूळच्या 'क'पासून झालेला असतो. लॅटिन 'केंटुम' आणि इंग्रजी 'हंड्रेड' या शंभराच्या दोन नांवांवरून तें दिसतें. म्हणजे 'ह्लादन'चा खरा भाऊबंद आपल्याकडे असता तर त्याच्या तोंडीं 'क' किंवा 'श' असावयास हवा होता. आपला शब्द प्राकृतांतील 'लद्दइ' या रूपापाशीं जाऊन पोहोंचतो, आणि हिंदी 'लादना', गुजराती 'लादवुं' हीं त्याचीं सख्खीं भावंडें. तेव्हां उच्चाराचें साम्य योगायोगाचें समजावें. तसाच दुसरा एक योगायोग पोहरादेवीच्याच जिल्ह्यांत आहे. कारंजा या जुन्या व्यापारी गांवास 'कारंजा लाड' म्हणतात. पण तो 'लाड' ना लादण्याचा, ना मुलांच्या कौतुकाचा. लाट म्हणजे दक्षिण गुजरात, आणि त्या देशाकडून आलेले ते लाड.

शब्दाचें कूळ समजलें. आतां त्याची राहणी. 'लादणें' हें क्रियापद दोन तऱ्हांनीं चालतें. 'बैल लादला' असें म्हणतां येतें आणि 'गोणी बैलावर लादली' असेंही. पहिल्या वाक्यांत कर्म बैल आहे, दुसऱ्यांत गोणी. इंग्रजी 'लोड'लाही या दोन्ही चाली येतात. फरक केवळ व्याकरणाचा नाहीं. 'बैल लादला' म्हणणाऱ्याचें लक्ष बैलाकडे असतें: तो उभा कसा आहे, त्याच्या पाठीच्या दोन्ही अंगांस वजन सारखें पडलें कीं नाहीं, दोर रुततो कीं काय. दुसऱ्या वाक्यांत लक्ष मालाकडे जातें आणि बैल 'वर' या एका शब्दयोगी अव्ययाखालीं दडपला जातो. मोल्सवर्थसाहेबांनीं १८३१ सालीं आपला मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला, तेव्हां लादलेले बैल महाराष्ट्राच्या प्रत्येक घाटांत दिसत होते आणि दोन्ही चाली कानांवर पडत होत्या. आज सुशिक्षितांच्या मराठींत पहिली चाल जवळजवळ मेली आहे. कोणावर तरी कांहीं तरी लादलें जातें, एवढेंच उरलें आहे. पहिली चाल ज्यांच्या तोंडीं सर्वांत अधिक असावयाची, ते लोक कोण होते, हें पाहिल्यावांचून या ऱ्हासाचा उलगडा होत नाहीं.

ते लोक म्हणजे बंजारे, आणि त्यांची काशी म्हणजे पोहरादेवी. मानोरा तालुक्यांतील हें गांव पूर्वीं अकोला जिल्ह्यांत होतें. १ जुलै १९९८ रोजीं वाशीम जिल्हा वेगळा झाला तेव्हां तें त्यांत आलें. येथें जगदंबेचें मंदिर व संत सेवालाल महाराजांची समाधि आहे. महाराजांची जयंती १५ फेब्रुवारीस साजरी होते आणि त्यांचें जन्मवर्ष १७३९ मानतात. रामनवमीच्या यात्रेस महाराष्ट्रांतूनच नव्हे, तर तेलंगण, कर्नाटक, आंध्र, मध्यप्रदेश इकडूनही बंजारा कुटुंबें येतात. घरीं कोणी तेलुगु लिपि शिकलेला, कोणी कानडी, कोणी देवनागरी. पण यात्रेंत भेटले कीं सर्वांची बोली एक. ही गोरबोली राजस्थानी वळणाची आहे. ग्रियर्सनसाहेबांनीं आपल्या भाषिक पाहणीच्या १९०७ सालच्या भागांत तिची नोंद 'लभाणी' व 'बंजारी' या नांवांनीं केली आहे. एकाच बोलीचे लोक इतक्या दूर दूर कसे पसरले, याचें उत्तर त्यांच्या धंद्याच्या नांवांत आहे. बैलांच्या पाठीवर धान्य, मीठ, कापूस घालून मुलूखामागून मुलूख तुडवीत जाण्याच्या त्या धंद्यास बंजारे 'लदेणी' म्हणतात. अक्षरें पाहिलीं तर अर्थ फक्त 'लादण्याचें काम' इतकाच. पण या एका शब्दांत खरेदी, प्रवास, मुक्काम, विक्री आणि परत फिरणें हें सर्व मावतें. इंग्रजी शब्द वाटेवरून ओझ्याकडे आला, असें वर सांगितलें. बंजाऱ्यांचा शब्द त्याच्या उलट, ओझ्याकडून वाटेकडे गेला. दोन अनोळखी भाषा विरुद्ध दिशांनीं निघून एकाच ठिकाणीं भेटल्या, कारण जगांत ओझें आणि वाट यांची ताटातूट करणारें वाहन तोंवर कोठेंच नव्हतें.

या लदेणीचें प्रमाण किती मोठें होतें, याची कल्पना आज सहसा येत नाहीं. अल्लाउद्दीन खिलजीनें दिल्लीच्या बाजाराचे भाव बांधून दिले, तेव्हां धान्य आणणाऱ्या कारवानवाल्यांना बायकामुलांसह यमुनाकांठीं वसविलें, असें बरनी या इतिहासकारानें लिहिलें आहे. ते बंजाऱ्यांचे पूर्वसूरी होत, असें इतिहासज्ञ समजतात. जहांगीर बादशहानें आपल्या आत्मचरित्रांत बंजाऱ्यांचा उल्लेख केला आहे. पीटर मंडी हा इंग्रज १६३२ सालीं आग्र्याहून पाटण्याकडे चालला असतां त्याला वाटेंत एक तांडा भेटला. त्यांत १४,००० बैल होते, सर्व धान्यानें लादलेले, आणि एकेका बैलावर चार मोठे मण वजन. ताव्हर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या तर दहा-बारा हजार बैलांचे तांडे नेहमींचेच असल्याप्रमाणें सांगतो, आणि अरुंद वाटेवर गांठ पडली तर तांडा पुढें सरकेपर्यंत प्रवाशांना दोन-दोन तीन-तीन दिवस खोळंबावें लागे असें लिहितो. त्यानें त्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: कोणी धान्य नेई, कोणी तांदूळ, कोणी डाळी, कोणी मीठ. मिठाशीं या लोकांचा संबंध इतका जुना कीं, मराठींतील 'लमाण' हें त्यांचें नांव पुष्कळजण 'लवण' शब्दापासून काढतात. 'बंजारा' किंवा 'वणजारा' हें 'वाणिज्य'पासून निघालें असें बहुमत आहे. इंग्रज शिपायांनीं त्याचें 'ब्रिंजारी' केलें आणि मग तांदुळाच्या 'बिरिंज' या फारसी नांवाशीं त्याचा संबंध लावून दिला. चुकीच्या व्युत्पत्ति कशा जन्मास येतात, याचा हा नमुना म्हणावयाचा.

युद्धांत तर यांच्यावांचून पान हलत नसे. टिपूवरील १७९१-९२ च्या स्वारींत कॉर्नवॉलिस, आणि १८०३ सालच्या स्वारींत आर्थर वेलस्ली, या दोघांचीही भिस्त बंजाऱ्यांच्या बैलांवर होती. हाच वेलस्ली त्या वर्षीं नोव्हेंबरांत वऱ्हाडांत आडगांवास लढला आणि डिसेंबरांत त्यानें गाविलगड घेतला. त्याच्या पत्रव्यवहारांत तोफांइतकीच चिंता ब्रिंजाऱ्यांच्या धान्याची दिसते. बंजारे दोन्ही पक्षांस धान्य विकीत आणि दोन्ही पक्ष त्यांना धक्का लावीत नसत. कारण ज्याच्या पाठीवर आपली उद्यांची भाकर आहे त्यास लुटणें सेनापतीस परवडत नाहीं. १८१९ सालीं मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथांत कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनीं या लोकांवर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला, त्यावरूनही त्या काळच्या सत्ताधाऱ्यांना त्यांचें महत्त्व किती वाटत होतें तें कळतें.

शांततेच्या काळांत वऱ्हाडचा कापूस याच पाठींवरून गेला. गंगेवरील मिर्झापूरची पेठ हें त्याचें जुनें ठिकाण. मुंबईकडे पहिला माल १८२५-२६ सालीं विकाजी व पेस्तनजी या व्यापाऱ्यांनीं पाठविला: १,२०,००० पौंड कापूस, बैल ५००, आणि मुंबईंतील किंमत २५,००० रुपये. वाचकांनीं सहज भागाकार करून पाहावा. एका बैलाच्या वांट्यास २४० पौंड येतात. १८४२ सालीं अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानें एक लाख बैलांचें ओझें खुष्कीच्या वाटेनें कलकत्त्यास रवाना केलें, असें सांगतात. हा कापूस ज्यांत भरीत ती गोणी संस्कृत काळापासूनची. तिचेंच इंग्रजांनीं 'गनी' केलें आणि आपल्याकडील 'खंडी'चें 'कँडी'. 'लोड' आपल्या घरीं येण्यापूर्वीं आपली गोणी त्यांच्या घरीं पोहोंचली होती.

परंतु या सर्व इतिहासांत आम्हांला सर्वांत विलक्षण वाटली ती एका न लादलेल्या बैलाची गोष्ट. रसेल व हिरालाल यांनीं १९१६ सालीं मध्यप्रांतांतील जातींवर मोठा ग्रंथ काढला. त्यांतील बंजाऱ्यांवरील प्रकरण बव्हंशीं वऱ्हाडांतील पोलीस अधिकारी कंबरलेज यांच्या जुन्या टिपणावर आधारलेलें आहे. त्यांत असें दिलें आहे कीं, तांड्याच्या अग्रभागीं 'हाताडिया' नांवाचा एक बैल चाले. तो बालाजीस वाहिलेला असे. त्याच्या अंगावर तांबड्या रेशमाच्या पट्ट्या, गळ्यांत व पायांत पितळी साखळ्या आणि घुंगरें. मात्र त्याच्या पाठीवर कधींही ओझें घालीत नसत. तो थकून जेथें बसे तेथें तांड्याचा मुक्काम. कोणी आजारी पडलें तर त्याच्या पायां पडून नवस करीत. हजारों बैल लादणाऱ्या लोकांनीं एकाची पाठ मोकळी ठेविली आणि कोठें थांबावयाचें तें त्याला ठरवूं दिलें! आम्हांला तर यांत 'बैल लादला' या जुन्या वाक्यरचनेचेंच प्रतिबिंब दिसतें. ज्यांच्या बोलण्यांत बैल हा कर्म होता, शब्दयोगी अव्ययाखालचा पदार्थ नव्हता, त्यांनाच अशी चाल सुचावी. सेवालाल महाराजांच्या कथांतही तोळाराम घोडा आणि गराशा बैल हे नांवानिशीं वावरतात. बिननांवाचें जनावर तेथें नाहीं.

ही दुनिया मोडण्यास फार वर्षें लागलीं नाहींत. आगगाडी १८६७ त नागपुरास पोहोंचली. १८७० त खामगांवचा फांटा सुरू झाला, १८७१ त अमरावतीचा. पुढें मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद रुळांची गाडी खुद्द कारंज्यावरून धांवूं लागली; ती स्वतःही नंतर बंद पडली, तें निराळें. दोनशें चाळीस पौंडांचा बैल आणि टनांनीं ओढणारें इंजिन यांची स्पर्धा ती काय व्हावयाची? त्याच १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढें ठिकठिकाणीं बंजाऱ्यांच्या तांड्यांवरही त्याची छाया पडली. ज्यांना काल सेनापति आर्जवानें बोलावीत, त्यांच्या हालचालींवर पहारा बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा शिक्का कायद्यापुरता पुसला गेला. तोंवर तांडे रानाच्या कडेला, माळांवर स्थिर झाले होते. कांहींनीं जमिनी केल्या, कांहीं मजुरीला लागले. पोहरादेवीहून फार दूर नसलेल्या पुसद तालुक्यांतील गहुलीच्या तांड्यांत जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते, हें सर्वश्रुत आहे.

मराठी क्रियापदाचें नशीब याच सुमारास फिरलें, असें आमचें मत आहे. सक्तीचा अर्थ त्या शब्दांत पूर्वींही सुप्त असेल. कोणत्याही बैलानें ओझें मागून घेतलेलें नाहीं. पण जोंवर रस्त्यावर तांडा दिसत होता तोंवर लादण्याच्या मागोमाग चालणें होतें, आणि चालण्याच्या शेवटीं बाजार होता. तांडा गेला तेव्हां शब्दांतली वाट गेली. ओझें तेवढें राहिलें, आणि तें उचलून कोठें जावयाचें हें कोणालाच ठाऊक नसल्यामुळें तें जाचूं लागलें. हिंदींत असें झालें नाहीं. तेथें 'ते दिवस गेले' या अर्थीं 'वे दिन लद गये' असें सहज म्हणतात. दिवसांनीं आपलें सामान बैलावर घातलें आणि ते चालते झाले. नझीर अकबराबादीच्या 'बंजारानामा' या प्रसिद्ध काव्यांत तर माणसाचें मरण हेंच तांड्याचें प्रस्थान झालें आहे. मराठींत वाटेचा हा अर्थ रुजला नाहीं. अकर्मक 'लदणें' मात्र आपल्याकडे सुखरूप आहे. फळांनीं लदलेलें झाड, दागिन्यांनीं लदलेली नवरी, यांत तक्रार नाहीं, उलट समृद्धि आहे. एकाच धातूचीं दोन रूपें, एक माहेरीं सुखांत आणि दुसरें सासरीं जाचांत!

मराठीची ही अडचण इंग्रजी शब्दानेंच थोडीबहुत भागविली. विजेचा तुटवडा पडूं लागला तेव्हां 'लोडशेडिंग' हा शब्द खेड्यांतील आजीबाईंच्याही तोंडीं बसला. सरकारी 'भारनियमन' कागदावर राहिलें. संगणकावरील मजकूर 'लोड' होतो, आणि तो आपल्याकडे घेणें यास कोणी कोणी 'उतरवून घेणें' म्हणतात. मुक्कामाला तांडा उतरे, त्याची ही पुसट आठवण समजावयास हरकत नाहीं. महाविद्यालयांतील तरुण एकमेकांना 'लोड घेऊं नकोस' असा धीर देतात. येथें एक बारकावा आहे. लादणारा दुसरा असतो, पण 'लोड' मनुष्य स्वतः घेतो. म्हणून तो न घेण्याचीही मोकळीक त्याला राहते. जुन्या घरांतील वडील माणसांना मात्र हें वाक्य ऐकून बैठकीवरचा लोड आठवतो, आणि टेकावयास चांगला लोड कां घेऊं नये असा प्रश्न पडतो.

ओझें वाहण्याची प्रतिष्ठा एका मराठी माणसानें अलीकडे पुन्हां उचलून धरली. श्रीराम लागू यांनीं आपल्या आत्मचरित्रास 'लमाण' हें नांव दिलें. नाटककाराचा माल प्रेक्षकांपर्यंत सुखरूप नेऊन पोहोंचविणारा तो नट, ही त्यामागची कल्पना. इतक्या मोठ्या नटास आपल्या धंद्याची ओळख सांगण्यास लदेणी करणाऱ्याहून योग्य उपमा मिळाली नाहीं, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

खुद्द लमाणांच्या वांट्यास मात्र आज दुसरेंच ओझें आहे. मराठवाड्यांतील व आसपासच्या तांड्यांतून हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठीं साखर कारखान्यांच्या मुलूखांत जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम हंगामापूर्वींच आगाऊ रक्कम देतो, तिला 'उचल' म्हणतात. आणि हंगामभर मोळ्या डोक्यावर वाहून, गाड्या भरून ती फेडावयाची असते. उचल हा शब्द उचलणाऱ्याच्या बाजूनें बोलतो, पण ओझें कोणीकडून कोणावर गेलें, हें हिशेब करणाऱ्यास समजतें. लदेणींत माल नाइकाचा, बैल त्याचे, वाटही तोच ठरवी.

पोहरादेवीस ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं बंजारा विरासत संग्रहालयाचें उद्घाटन झालें. वस्तूंची सोय त्यामुळें झाली. शब्दांची व्हावयाची आहे. रामनवमीच्या यात्रेंत चार राज्यांतले वृद्ध एकत्र येतात. लदेणी त्यांनीं स्वतः पाहिली असणें शक्य नाहीं, पण आजा-पणजांच्या तोंडचे शब्द त्यांच्यापाशीं आहेत. बैलाच्या पाठीवरच्या गादीस काय म्हणत, दोन गोणींच्या मधल्या गांठीस काय, पहांटे प्रथम कोणता बैल लादीत आणि संध्याकाळीं प्रथम कोणाचें ओझें उतरवीत, हें त्यांना विचारून कोणीं तरी लिहून घ्यावें. त्यासाठीं लागणारें साहित्य म्हणजे एक वही, एक पेन्सिल आणि यात्रेचे तीन-चार दिवस.